नऊ नंबरची कॅसेट

१

मास्तर जाऊन तीन आठवडे झाले होते. त्याच्या शब्दकोशाची नऊ नंबरची कॅसेट कोणीतरी पुसल्याचं त्या सोमवारी उघडकीला आलं.

मास्तरच्या लेकीचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. "काका, ताबडतोब छापखान्यात या," एवढंच म्हणून तिने फोन आपटला. बापासारखीच, हुकूम सोडून मोकळी. मी अर्धी दाढी तशीच ठेवली, काठी घेतली आणि निघालो.

छापखाना म्हणजे फार काही समजू नका. शिंप्याच्या दुकानामागची एक लांबट खोली, शिरताना उंबऱ्याला हमखास ठेच लागणारी. तिथे आम्ही आंधळ्यांसाठी पुस्तकं छापायचो. मास्तर आंधळा, मी आंधळा, टंकबाई तेवढी डोळस. ती साध्या अक्षरांत मजकूर टाइप करायची, आमचा म्हातारा कॉम्प्युटर त्याचे ब्रेलचे ठिपके करायचा आणि कोपऱ्यातलं यंत्र ते ठिपके जाड कागदावर ठोकून काढायचं. मग पान माझ्या बोटांखाली यायचं. मी प्रूफं तपासतो. चुका शोधणं हा माझा धंदा, आणि माझी बायको सांगायची की स्वभावही.

तो कॉम्प्युटर चाळीस वर्षांचा. त्या काळी लोक असले कॉम्प्युटर घरच्या टीव्हीला जोडून खेळ खेळायचे. मास्तरने त्यावर एकही खेळ खेळला नाही. पहिल्याच वर्षी त्याने त्या डबीला ठिपके शिकवले आणि शेवटची बावीस वर्षं तिच्यात एकेक शब्द भरत बसला. डबी बंद केली की सगळं विसरायची, म्हणून रोजचं काम कॅसेटवर साठवायचं. शब्दकोशाच्या अशा अकरा कॅसेटी झाल्या होत्या. आठ छापून झाल्या होत्या, नववीची पाळी होती.

"ऐका," लेक म्हणाली आणि तिने टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं.

मजकूर भरलेली कॅसेट वाजवली की आधी लांब शिट्टी आणि मग किर्र असा आवाज येतो. माझ्या कानाला तो आवाज घरच्या नळासारखा ओळखीचा. आता मात्र काहीच आलं नाही. बऱ्याच वेळाने मध्येच तुटक किर्र सुरू झालं, पण सुरुवातच गेली तर पुढचं सगळं कॉम्प्युटरला निरुपयोगी.

"ह्यांनी पुसलंय," लेक म्हणाली. "शनिवारपर्यंत ह्यांनी इथून निघून जावं. आणि ह्यांना जे जे काम देतात, त्या सगळ्यांना मी कळवणार आहे."

'ह्या' म्हणजे टंकबाई. ती खोलीतच होती. तिच्या बांगड्या एकदा वाजल्या आणि थांबल्या. अठ्ठावन्न वर्षांची बाई, डोक्यावर असला डाग घेऊन तिला कोण दारात उभं करणार होतं?

"मला आजचा दिवस दे," मी लेकीला म्हणालो.

"घ्या. पण काका, आधी ह्या कॅसेटच्या कडेवरून बोट फिरवा. मग मला सांगा, हे चुकून झालंय का."

२

मी बोट फिरवलं. ते मध्येच एका जागी अडलं.

कॅसेटच्या मागच्या कडेला प्लास्टिकची एक इवलीशी टिकली असते. ती तोडली की रेकॉर्डचं बटण दाबलंच जात नाही, म्हणजे आतलं सुरक्षित. काम संपलेल्या प्रत्येक कॅसेटची टिकली मास्तर स्वतः तोडायचा. नवव्या कॅसेटचीही तोडलेली होती. पण त्या भोकावर कोणीतरी चिकटपट्टी लावली होती. भोक बुजलं की बटण पुन्हा दाबलं जातं.

पट्टी लावण्यात नवल नव्हतं. आम्ही भंगारवाल्याकडून जुन्या गाण्यांच्या कॅसेटी आणायचो आणि कोऱ्या म्हणून वापरायचो. त्यांची टिकली बहुधा तुटलेलीच असायची. बटण अडलं की पट्टी लाव, हे आमच्याकडे हाताला बसलेलं काम. पण ही पट्टी नीट बसलेली नव्हती. एकावर एक तीन तुकडे, एक दुमडलेला, एक भलतीकडेच चिकटलेला. तिरकी पट्टी मी एकवेळ समजू शकतो. तीनदा चुकलेली पट्टी मात्र माझ्या डोक्यात बसेना.

मग मी टेपरेकॉर्डर चाचपला. त्याच्या कुशीत शेजारी शेजारी दोन भोकं आहेत. कॉम्प्युटरकडून येणारी जाड पिन एकात बसते, बारीक दुसऱ्यात. जाड पिनेतून मजकूर फितीवर जातो. बारीक पिन म्हणजे लगाम, ती आत असेपर्यंत कॉम्प्युटरने सांगितल्याशिवाय फीत फिरतच नाही.

"ह्याला आज कोणी हात लावला?"

"मी फक्त वाजवलं," लेक म्हणाली. "वायरी होत्या तशाच आहेत."

जाड पिन आत होती. बारीक पिन बाहेर लोंबत होती.

"किल्ल्या कोणाकोणाकडे आहेत?"

"एक बाबांकडे होती. एक ह्यांच्याकडे, एक दुरुस्तीवाल्या मिस्त्रींकडे. आणि बाबा गेल्यापासून त्यांची माझ्याकडे." तिने किल्ली टेबलावर ठेवली. "शेवटच्या शनिवारी संध्याकाळी ह्यांनीच कॅसेट तपासली, तेव्हा ठीक होती. सोमवारी पहाटे बाबा झोपेतच गेले. आणखी एक दाखवते. ह्यांच्या टेबलाच्या खणात हे सापडलं."

तिने माझ्या हातात एक जाडसर पाकीट दिलं. रिकामं.

"ह्यावर माझा पत्ता आहे, ह्यांच्या अक्षरात. मला काय पाठवणार होत्या ह्या? सहा वर्षांत एक ओळ नाही पाठवली कोणी."

टंकबाईने आपला खण ढकलून बंद केला.

३

मिस्त्री दुपारी आला. चाळीस वर्षं तो ह्या कॉम्प्युटरच्या नाड्या धरून आहे. आता असली यंत्रं जमवणाऱ्यांची रांग लागलेली असते आणि मिस्त्रीला ती डबी स्वतःच्या कपाटात हवी होती, हे जगजाहीर होतं.

"शब्दकोश अडला तर डबी तुला मिळेल, असा हिशेब केलास का रे?" मी सरळच विचारलं.

"तुमच्या जिभेला काही हाड?" तो उसळला. "मला पुसायचंच असतं तर पिशवीत स्पीकरचं लोहचुंबक आहे. कॅसेटवरून दोनदा फिरवलं की खेळ खलास. पट्ट्या चिकटवत कशाला बसेन?"

बोलणं पटण्यासारखं होतं. तो जाता जाता म्हणाला, "मास्तरांच्या हाताचं काय झालं होतं हो? शेवटी भेटलो तेव्हा चहाचा पेला त्यांनी असा धरला होता, की मलाच चटका बसला."

तो गेला आणि मला मास्तरच्या हातावरची चिंधी आठवली. शेवटच्या आठवड्यात त्याने हात मिळवला तेव्हा दोन बोटांना गुंडाळलेली होती. "कशाने भाजलं?" मी विचारलं होतं. "कळलंच नाही रे," तो म्हणाला आणि त्याने विषय बदलला. मीही पुढे विचारलं नाही. मित्र म्हणवतो आपण स्वतःला.

लेक बाहेरच्या पायरीवर बसली होती. मी तिच्या शेजारी टेकलो.

"तू का चिडली आहेस ते मला ठाऊक आहे, आणि ते ह्या कॅसेटवरून नाही."

तिने पायरीवरचा एक खडा रस्त्यावर भिरकावला. मग म्हणाली, "सहा वर्षांपूर्वी मी त्यांना नवा कॉम्प्युटर आणून दिला होता. बोलणारा. त्यांनी खोकंसुद्धा उघडलं नाही. मी म्हणाले, तुमचा ह्या डबड्यावर माझ्यापेक्षा जास्त जीव आहे. त्यावर ते काय म्हणाले असतील?"

"काय?"

"काहीच नाही. एक शब्द नाही. बावीस वर्षं शब्द गोळा करणारा माणूस. नंतर फोनवर फक्त हवा कशी आहे आणि जेवलीस का. आता त्यांचं म्हणून एवढंच उरलंय काका, ह्या अकरा कॅसेटी. त्यातलीही एक कोणीतरी पुसावी?"

तिचा आवाज फुटला. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

४

टंकबाईला मी एकटीला गाठलं. ती यंत्रावरची धूळ पुसत होती. नोकरी जाणार असताना धूळ पुसणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

"बाई, तुम्ही पुसलंत?"

"नाही."

"कोणी पुसलं ते माहीत आहे?"

फडकं थांबलं.

"पाकिटावर पत्ता कोणी लिहायला लावला?"

"त्यांनी. शनिवारी. काय पाठवायचंय ते सांगितलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, ह्या वेळी तुम्हाला लिहून घ्यायचा त्रास देणार नाही."

"मग हे तिला सांगत का नाही?"

"मग ती पुढचं विचारेल." बाईचा आवाज खाली गेला. "मी त्यांना शब्द दिलाय. माझी नोकरी गेली तर जाऊ दे."

"कसला शब्द?"

"तो सांगितला तर दिला कशाला म्हणायचा?"

मी हात टेकले. आंधळ्याशी वाद घालावा, पण शब्द पाळणाऱ्या माणसाशी घालू नये. मी दाराकडे वळलो तशी ती मागून हळूच म्हणाली, "पण एक सांगते. कॅसेट गेली ती चूक माझीच आहे."

मी परत वळलो.

"शनिवारी बस चुकेल म्हणून मी घाईत होते. नववी कॅसेट कप्प्यात ठेवायच्या ऐवजी कोऱ्या कॅसेटींच्या डब्यावर ठेवली. तिच्यावर ब्रेलमध्ये नंबर होता. कोणीही बोट लावलं असतं तरी कळलं असतं." ती रडू लागली होती. "म्हणजे, कोणाही दुसऱ्याला."

५

मी खुर्ची ओढली, लेकीला बोलावलं आणि नवव्या कॅसेटची ती शांतता पहिल्यापासून ऐकायला बसलो. मास्तर मला कानसेन म्हणायचा. आज त्या नावाला जागायचं होतं.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती शांतता वाटली होती. ती तशी नव्हती. तळाशी अगदी बारीक घूं होतं. खोलीतला आवाज नव्हे. पंख्याची कुरकुर नाही, शिंप्याचं मशीन नाही, रस्ता नाही. नुसतं वायरीचं घूं.

मग टक.

थोडं घूं. पुन्हा टक. रेकॉर्डचं बटण दाबलं किंवा सोडलं की फितीवर ही टक उमटते. मी मोजू लागलो. पहिल्या खेपेला आठपर्यंत पोचलो आणि टक. दुसऱ्या खेपेला वीस. मग पाच. मग मोठा तुकडा, मग पुन्हा अगदी छोटा. असं सहा वेळा थांबून सहा वेळा सुरू झालं. सातव्या खेपेला घूं सुरू झालं ते चार मिनिटं सलग चाललं. शेवटची टक आली आणि तुटलेलं किर्र सुरू झालं.

मी बटण बंद केलं.

"काय झालं काका?" लेक म्हणाली.

"गेल्या चार महिन्यांची माझी प्रूफं कुठे आहेत?"

टंकबाईने गठ्ठा काढून दिला. मी प्रूफ तपासलं की पान मास्तरकडे जायचं आणि चाळीस वर्षांत असं एक पान नाही, ज्यात त्याने माझी सुटलेली एखादी चूक पकडून मला शालजोडीतले दिले नाहीत. ह्या गठ्ठ्यात एकही दुरुस्ती नव्हती. सगळीकडे एकच शेरा, ठीक आहे. मला वाटलं होतं, म्हातारपणी का होईना, मी बिनचूक झालो.

मी पहिलंच पान पुन्हा वाचलं. तिसऱ्या ओळीत धडधडीत चूक होती.

"मला कळलं कोणी पुसलं ते," मी म्हणालो.

६

"मिस्त्रीला पुसायचं असतं तर त्याच्याकडे लोहचुंबक होतं," मी सुरुवात केली. "टंकबाईंना पुसायचं असतं तर एक नवी फाइल वरून साठवली की झालं. कॉम्प्युटर त्यांच्या हाताखालचा. त्यांना बारीक पिन काढायची गरजच नाही. आणि मुळात ज्याला नासधूस करायची तो सलग पुसत जातो. सहा वेळा थांबून पुन्हा सुरुवात करत नाही. आता तू सांग पोरी, बारीक पिन काढून, कॉम्प्युटर बंद ठेवून, रेकॉर्डचं बटण कोण दाबेल?"

"ज्याला नुसता टेपरेकॉर्डर हवा आहे तो."

"कशासाठी?"

मी एक भंगारातली कॅसेट घातली. पिना होत्या तशाच, बारीक बाहेर आणि जाड आत. "बोल काहीतरी."

"काय बोलू? एक, दोन, तीन. हॅलो. आज सोमवार." ती थांबली. "बस?"

मी फीत मागे घेऊन वाजवली. टक. घूं. टक. तिचा आवाज नव्हता.

"जाड पिन आत असली की टेपरेकॉर्डरचा स्वतःचा माइक बंद असतो," मी म्हणालो. "तुम्ही कितीही बोला, तो ऐकत नाही. आवाज भरायचा तर दोन्ही पिना काढायला लागतात. मास्तरला हे पक्कं ठाऊक होतं. पण त्याने एक काढली, फीत फिरायला लागली आणि त्याला वाटलं दोन्ही निघाल्या. दोन भोकांमध्ये बोटभरही अंतर नाही."

"पण बाबा तर डोळे मिटून..." तिने जीभ चावली. "त्यांच्या हातांना सगळं दिसायचं."

"दिसायचं. चार महिन्यांपूर्वीपर्यंत." मी टंकबाईकडे तोंड वळवलं. "बाई, तुम्ही काही बोलू नका, तुमचा शब्द तुमच्यापाशी राहू दे. मी सांगतो. मास्तरची बोटं मेली होती. चटका कळत नव्हता. ब्रेल कळत नव्हतं. आंधळ्याची पुस्तकं छापणाऱ्या आंधळ्याला वाचता येईनासं झालं होतं. ते त्याने जगापासून लपवलं, माझ्यापासूनही, आणि ह्या बाई त्याला सगळं वाचून दाखवत राहिल्या."

बाईचा हुंदका ऐकू आला. ते उत्तर पुरेसं होतं.

"रविवारी तो एकटाच इथे आला," मी पुढे म्हणालो. "डब्यावरची वरची कॅसेट घेतली. तिच्यावर नऊ लिहिलेलं होतं, त्याच्या बोटांना ते कळलं नाही. बटण अडलं. त्याला वाटलं, भंगारातली आहे, टिकली तुटलेली असणार. त्याने सवयीने पट्टी लावली, तीनदा चुकून. आणि मग त्याच्या आयुष्यभराच्या कामावर तो तुझ्याशी बोलायला बसला."

७

बाहेर शिंप्याचं मशीन एक लांब शिवण घालून थांबलं.

"मला?" लेक म्हणाली.

"पाकिटावर पत्ता कोणाचा आहे? तू ब्रेल शिकली नाहीस. पूर्वी तुला पाठवायची पत्रं तो बाईंना सांगून लिहून घ्यायचा, म्हणून त्यांत हवेशिवाय काही नसायचं, आणि भांडणानंतर तीही थांबली. ह्या वेळी त्याला मधे कोणी नको होतं. पहिल्या खेपेला त्याला आठ सेकंद जमलं. मग वीस. मग पाचच. सहा वेळा तो अडला, आणि सातव्या वेळी चार मिनिटं बोलला. मी त्याला पन्नास वर्षं ओळखतो. तो माझ्याशी कधी सलग चार मिनिटं बोलला नाही."

"त्यांनी ऐकून बघितलं नाही?"

"स्वतःचा आवाज ऐकायची त्याला लाज वाटायची."

"काय बोलले असतील, काका?" तिने माझी बाही धरली. "तुम्ही ओळखता ना त्यांना? काय बोलले असतील चार मिनिटं?"

मी चुका शोधणारा माणूस. पानात नसलेलं वाचायची विद्या माझ्याकडे नाही. थाप मारणं सोपं होतं, आणि एक क्षण ती माझ्या जिभेवर आलीही. पण मास्तरने सहा वेळा थांबून जुळवलेले शब्द होते ते. त्यांच्या जागी माझे कसे घालू?

"मला माहीत नाही, पोरी," मी म्हणालो. "कोणालाच कधी कळणार नाही."

ती रडली. आवाज दाबून नाही, लहानपणी ह्याच खोलीत टेबलाच्या कोपऱ्यावर आपटली होती तशी, मोकळी. टंकबाई उठली आणि तिच्याजवळ गेली. बऱ्याच वेळाने मला लेकीचा आवाज ऐकू आला, "मावशी, माझं चुकलं." ह्याआधी ती त्यांना 'ह्या' म्हणत होती.

नवव्या कॅसेटचा मजकूर पुन्हा भरावा लागणार होता. जुनी टिपणं होती, सात-आठ महिन्यांचं काम होतं. टंकबाई म्हणाली, करू. लेकीने विचारलं, टिपणं वाचून दाखवायला कोणी लागेल का. डोळस माणूस लागेल, मी म्हणालो. आणि प्रूफं आता मी दोनदा वाचणार होतो, कारण माझ्यामागून चुका धरायला कोणी उरलं नव्हतं.

निघताना ती म्हणाली, "ही मी घेऊन जाऊ? नववी?"

"तुझीच आहे. तिला पाकीटही आहे."

ती पाकिटात घालणार तेवढ्यात मी कॅसेट मागून घेतली. मागच्या कडेवरची पट्टी शोधली आणि नखाने ते तिन्ही तुकडे एकेक करून सोलून काढले. खालचं भोक मोकळं झालं. मी तिचं बोट धरून त्यावर ठेवलं.

"आता बटण दाबलं जाणार नाही," मी म्हणालो. "त्या चार मिनिटांवर आता कोणालाही काही भरता येणार नाही."